मंजुरीस्तव सादर

लेकीकडे बफेलोला गेले होते. एका दुपारी ती मला तिथला सिटी हॉल दाखवायला घेऊन गेली. बत्तीस मजल्यांची, १९३१ साली पुरी झालेली इमारत. बाहेर दोन पुतळे आहेत, एक मिलार्ड फिलमोरचा, दुसरा ग्रोव्हर क्लीव्हलंडचा. दोघंही बफेलोचे वकील, दोघंही पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. क्लीव्हलंड तर दोनदा, मध्ये चार वर्षांचा खंड पडून. लेक म्हणाली, "आई, हा आधी इथला महापौर होता. एकच वर्ष. तेसुद्धा पुरं नाही."

मी एकतीस वर्षं एका नगरपालिकेच्या लेखा विभागात काढली. राष्ट्राध्यक्ष म्हटल्यावर मी नुसती मान हलवली असती, महापौर म्हटल्यावर थांबले. रात्री लेकीनं लॅपटॉपवर त्याच्याबद्दल वाचायला काढून दिलं. वाचता वाचता एका आकड्यापाशी अडले. ४,२२,५०० डॉलर. शहराचे रस्ते पाच वर्षं झाडायचं कंत्राट. त्याच कामाची सर्वांत कमी रकमेची निविदा याहून एक लाखाहूनही जास्त डॉलरनं खाली होती. आणि नगरसेवकांच्या सभेनं ठराव करून काम दिलं होतं ते ४,२२,५०० वाल्याला.

तो तक्ता मला डोळ्यांसमोर दिसायलाच लागला. आमच्याकडे त्याला तुलनात्मक तक्ता म्हणतात. डावीकडे अनुक्रमांक, मग निविदाधारकाचं नाव, देऊ केलेला दर, अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी किंवा जास्त, आणि शेवटी शेरा. असे तक्ते मी किती केले असतील त्याची गणती नाही. त्यातला एक मात्र मनातून जात नाही. त्याच्याकडे पुढे येते.

क्लीव्हलंड मूळचा बफेलोचा नव्हे. जन्म १८ मार्च १८३७चा, न्यू जर्सीतल्या काल्डवेल गावचा. वडील प्रेस्बिटेरियन पंथाचे पाद्री, घरात नऊ भावंडं, त्यात हा पाचवा. सोळा वर्षांचा असताना वडील गेले आणि कॉलेजचा विषय तिथंच मिटला. थोरला भाऊ विल्यम न्यू यॉर्कला अंधशाळेत शिकवत होता, त्याच्याबरोबर यानं वर्षभर तिथं नोकरी केली. मग १८५५ साली पश्चिमेकडे निघाला. जायचं होतं ओहायोतल्या क्लीव्हलंड शहराला, पण वाटेत बफेलोला उतरला आणि तिथलाच झाला. लग्नाच्या नात्यानं काका लागणारे लुईस अॅलन तिथं राहत. शॉर्टहॉर्न जातीच्या गुरांच्या वंशावळींची जाडजूड नोंदवही ते छापत असत. पुतण्याला त्यांनी त्याच कामाला बसवलं. कुठली गाय कुठल्या गोठ्यातली, तिचे आईबाप कोण, एकेक नोंद तपासून लिहायची. पुढं साऱ्या देशाची बिलं ओळ न ओळ वाचणाऱ्या माणसाचा हात असा गुरांच्या नोंदींवर बसला, हे मला फार पटलं. आमच्या विभागातही नवीन माणसाला आधी जुन्या पावत्याच जुळवायला देत असत.

काकांच्या ओळखीनं तो एका वकिलांच्या कचेरीत शिकाऊ म्हणून लागला. पहिल्याच दिवशी मंडळी त्याला आत विसरून, दार लावून जेवायला निघून गेली, अशी आठवण सांगतात. चार वर्षं तिथं कायद्याची पुस्तकं वाचून, नकला करून १८५९ साली त्याला सनद मिळाली. वकील म्हणून तो चमकदार नव्हता. वक्तृत्वाचा भाग थोडा, कष्टाचा फार. खटल्याच्या आदल्या रात्री पहाटेपर्यंत जागून कागद वाचायचा आणि दुसऱ्या दिवशी युक्तिवाद तोंडपाठ करून यायचा. लग्न केलेलं नव्हतं. खोलीत एकटा राहायचा, संध्याकाळी मित्रांबरोबर बिअर प्यायला जायचा. बफेलो तेव्हा ईरी कालव्याच्या तोंडाशी असलेलं मोठं बंदर. पश्चिमेचं धान्य जहाजांतून यायचं आणि कालव्याच्या होड्यांत भरलं जायचं. वाफेवर चालणारं, धान्य उपसून कोठारात चढवणारं यंत्र जोसेफ डार्टनं तिथंच १८४२ साली उभारलं. पैसा खेळता होता, आणि खेळत्या पैशाच्या गावात नगरपालिका कशी चालते हे मला कुणी सांगायला नको.

महापौर होण्याआधी तो तीन वर्षं ईरी परगण्याचा शेरीफ, म्हणजे कायद्याची अंमलबजावणी बघणारा तिथला मुख्य अधिकारी होता, १८७१ ते १८७३. त्या काळातली एक गोष्ट वाचून मी लॅपटॉप मिटून ठेवला होता. फाशीची अंमलबजावणी हे शेरीफचं काम. हाताखालच्या माणसाला दहा डॉलर देऊन ते करून घ्यायची तिथं रीत होती. क्लीव्हलंडनं ती मोडली. ६ सप्टेंबर १८७२ला पॅट्रिक मॉरिसी या आईचा खून केलेल्या तरुणाला फाशी झाली, तेव्हा फळी पाडणारा खटका यानं स्वतः ओढला. पुढच्या फेब्रुवारीत जॉन गॅफ्नीच्या वेळीही तेच. कायद्यानं जे माझ्यावर टाकलंय ते मी दुसऱ्या गरिबाच्या गळ्यात घालणार नाही, अशी त्याची समजूत. विरोधकांनी पुढं त्याला बफेलोचा फासेकरी म्हणून हिणवलं.

फाशी असावी की नसावी यावर माझं मत वेगळं आहे, ते राहू दे. पण खाली ढकलण्याची ती रीत मला ठाऊक आहे. आमच्याकडे वरचा माणूस तोंडी सांगायचा, लेखी टिपणी खालच्यानं करायची. प्रकरण उलटलं की टिपणीवर अक्षर कुणाचं, ते बघितलं जायचं. क्लीव्हलंडनं तो खटका स्वतः ओढला यात शौर्य वगैरे नसेल, पण आपल्या पदाचं ओझं किती जड असतं हे त्याच्या स्वतःच्या हाताला कळलं.

त्याच हातानं दोन गोष्टी दुसऱ्यांवर टाकल्या होत्या, आणि त्या वगळून त्याच्याबद्दल लिहिणं मला जमणार नाही.

पहिली १८६३ची. यादवी युद्धात सक्तीची सैन्यभरती लागू झाली आणि याचं नाव निघालं. कायद्यात बदली माणूस देण्याची सोय होती. यानं जॉर्ज बेनिन्स्की नावाच्या पोलंडहून आलेल्या एका स्थलांतरिताला १५० डॉलर देऊन आपल्या जागी पाठवलं. दोन भाऊ सैन्यात होते, आई आणि बहिणी याच्या कमाईकडे डोळे लावून होत्या, हे खरं. बेनिन्स्की युद्धातून जिवंत परतला हेही खरं. तरी फाशीच्या खटक्यासाठी दहा डॉलर देणं ज्याला पटलं नाही, त्याला नऊ वर्षं आधी हे दीडशे डॉलर पटले होते.

दुसरी गोष्ट मारिया हॅल्पिनची. दुकानात काम करणारी, नवरा गेलेली बाई. १८७४ साली तिला मुलगा झाला आणि तो क्लीव्हलंडचा आहे असं ती म्हणाली. यानं पैसे दिले. पण पुढचं सगळं मध्यस्थांच्या हातांनी झालं. बाळाला तिच्यापासून काढून अनाथालयात ठेवलं गेलं, तिला काही दिवस वेड्यांच्या इस्पितळात नेलं गेलं. १८८४च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत हे बाहेर आलं, तेव्हा मित्रांनी काय उत्तर द्यायचं विचारलं. यानं तार केली, काहीही करा पण खरं ते सांगा. त्या तारेचं आजही कौतुक होतं. त्याच वर्षी मारियानं प्रतिज्ञापत्रावर सांगितलं होतं, की जे झालं ते तिच्या मर्जीविरुद्ध, बळजबरीनं झालं. तिचं म्हणणं मात्र कौतुकाच्या वाक्याखाली दबून गेलं. मी बाई आहे, कचेरीत पुरुषांच्या कारभारात राहून आले आहे. कुणाचा कागद नस्तीच्या वर लागतो आणि कुणाचा तळाशी जातो, हे मी पाहिलेलं आहे. या प्रकरणात त्याच्या बाजूनं माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाही.

आता १८८२कडे वळते.

बफेलोची वस्ती तेव्हा दीड लाखाच्या वर गेली होती. नगरसेवकांची टोळी दोन्ही पक्षांत पसरलेली होती आणि लोक कंटाळले होते. डेमोक्रॅट पक्षाला महापौरपदासाठी डाग नसलेला माणूस हवा होता. क्लीव्हलंड चव्वेचाळीस वर्षांचा, बरी चाललेली वकिली. निवडून आला आणि २ जानेवारी १८८२ला त्यानं कारभार हाती घेतला. फ्रँकलिन स्ट्रीटवर घड्याळाच्या मनोऱ्याची जी जुनी दगडी इमारत आहे, तिथं तेव्हा शहर आणि परगणा दोघांच्या कचेऱ्या होत्या. लेकीबरोबर मी तीही बाहेरून पाहिली. भिंतीचा दगड हाताला थंड लागतो.

आपल्याकडच्या महापौरासारखं ते नुसतं मानाचं पद नव्हतं. सभेनं केलेला ठराव महापौराच्या टेबलावर यायचा. त्यानं सही केली तर लागू, नाही तर लेखी हरकतींसह परत. आधीचे महापौर बहुतेक सह्या करत. हा वाचायला लागला. वकिलानं समोरच्या पक्षाचा दस्त वाचावा तसा.

पहिले नकार लहान होते, पण मला त्यातला एक फार मोलाचा वाटतो. युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या थडग्यांवर फुलं वाहण्याच्या दिवसासाठी माजी सैनिकांच्या संघटनेला ५०० डॉलर द्यायचे, असा ठराव आला. भावनेचा विषय. त्यातून बदली माणूस देऊन घरी राहिलेला महापौर. मुकाट्यानं सही करणं त्याला किती सोयीचं होतं! त्यानं नकार दिला. कर देणाऱ्यांचा पैसा एखाद्या संस्थेला देणगी म्हणून देता येत नाही, कायदा तसं सांगतो, असं लिहिलं. आणि मग लोकवर्गणी सुरू झाली तेव्हा त्या रकमेचा दहावा हिस्सा स्वतःच्या खिशातून दिला. पालिकेचा खिसा वेगळा आणि आपला खिसा वेगळा, एवढीच ती गोष्ट. पण ही दोन खिशांमधली शिवण किती सहज उसवते ते मी बघितलेलं आहे.

जूनमध्ये रस्ते झाडायचा तो ठराव आला. २६ जूनला त्यानं तो परत पाठवला. त्याच्या पत्राची सुरुवात मी मराठीत सांगते. ही वेळ स्पष्ट बोलण्याची आहे, आणि आपल्या सन्माननीय सभेच्या कृतीवरचा माझा आक्षेप मी स्पष्टच सांगणार आहे. लोकांच्या हिताचा विश्वासघात करण्याचा आणि सार्वजनिक पैशाची उधळपट्टीहूनही वाईट वासलात लावण्याचा हा उघडानागडा, उद्दाम आणि निर्लज्ज डाव आहे, असं मी मानतो, म्हणून मी संमती देत नाही.

सरकारी कागदावर असे शब्द मी आयुष्यात वाचले नव्हते. आमची भाषा वेगळी. "सबब सदर प्रकरणी फेरविचार व्हावा असे नम्र मत आहे." यात कोण बोलतंय, कुणाला बोलतंय, काय चुकलंय, काहीच कळत नाही आणि ते कळू नये म्हणूनच ती भाषा असते. क्लीव्हलंडच्या पत्रात 'मी' आहे. मी मानतो. मी संमती देत नाही.

त्याहून मला त्याच्या पुढच्या वाक्यांचं नवल वाटलं. तो म्हणतो, या ठरावाला मत देणाऱ्यांत असेही काही आहेत, ज्यांच्यावर मी जाणूनबुजून कर्तव्य चुकवल्याचा संशय घेऊ शकत नाही आणि घेणारही नाही. पण या सभेच्या आत आणि भोवताली असे काही प्रभाव वावरताहेत, ज्यांच्यापासून प्रत्येक प्रामाणिक माणसानं सावध राहावं. हे वकिलाचं डोकं आहे. कुणाला कोंडीत पकडलं नाही. माघार घेणाऱ्याला दार उघडं ठेवलं, आणि जो त्या दारातून बाहेर येणार नाही तो कोण, हे शहराला आपोआप दिसणार होतं. नगरसेवकांनी ठराव फिरवला, काम कमी दराच्या निविदेला गेलं. एक लाखाहून जास्त डॉलर वाचले.

सांडपाण्याच्या मोठ्या नळाचंही त्यानं असंच केलं. शहराच्या मधला कालवा घाणीनं तुंबून नासला होता. काम नगरसेवकांच्या हाती न देता जाणत्यांची स्वतंत्र समिती नेमायचा आग्रह त्यानं धरला. सभेनं नावं फेटाळली, त्यानं तीच नावं पुन्हा पाठवली, आणि ती मान्य झाली.

तर माझा तो तक्ता. वीसेक वर्षांपूर्वीचा. नाल्यांतला गाळ काढायचं काम, पाच निविदा. सर्वांत कमी दराच्या निविदेला अनुभवाच्या दाखल्याचं कारण लावून बाजूला काढलं होतं आणि तिसऱ्या क्रमांकाला काम द्यायचं ठरलं होतं. तो दाखला मी पाहिला होता. निविदेसोबत जोडलेला होता, शिक्क्यासह. तक्ता करताना शेऱ्याच्या रकान्यात "दाखला जोडला आहे" एवढं लिहायला मला पाच सेकंद लागली असती. वरून सांगून आलं होतं. लेकीची दहावी होती, बदलीचे दिवस होते. मी रकाना कोरा ठेवला, खाली "मंजुरीस्तव सादर" लिहिलं आणि सही केली. मंजुरी मिळाली. त्या पावसाळ्यात खालच्या वस्तीत गुडघाभर पाणी शिरलं. काम घेणारा वेगळा असता तर शिरलं नसतं, असं मी म्हणत नाही, मला ते सांगता यायचं नाही. पण तो रकाना मी कोरा ठेवला होता, हे मला सांगता येतं.

बफेलोत, लेकीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून १८८२चं ते पत्र वाचताना रकाना आठवला. दाखला कुणाचा होता ते नावही आठवलं. सकाळी लेकीला सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही, चहाचा दुसरा कप पुढं सरकवला.

पुढचा इतिहास लोकांना माहीत आहे. त्या नकारांनी त्याचं नाव राज्यभर झालं. सप्टेंबरात पक्षानं त्याला न्यू यॉर्क राज्याच्या गव्हर्नरपदासाठी उभं केलं, नोव्हेंबरात तो प्रचंड मतांनी निवडून आला. दोन वर्षांनी राष्ट्राध्यक्षपद, न्यू यॉर्कमधल्या हजार-अकराशे मतांच्या फरकानं. 'सार्वजनिक पद ही जनतेची ठेव आहे' हे त्याच्या नावावर चालणारं वाक्य विल्यम हडसन नावाच्या पत्रकारानं त्या प्रचारासाठी घडवलं. हे मी कुठे म्हणालो, असं क्लीव्हलंडनं विचारलं, तेव्हा हडसन म्हणाला, तुम्ही बारा वेळा म्हणालात, फक्त इतक्या थोड्या शब्दांत नाही. राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यानं दोन्ही कारकिर्दी मिळून ५८४ विधेयकं नाकारली. त्यातली काही मला पटत नाहीत. १८८७ साली दुष्काळात होरपळलेल्या टेक्ससच्या शेतकऱ्यांना बियाण्यासाठी दहा हजार डॉलर द्यायचं विधेयक त्यानं परत पाठवलं. लोकांनी सरकार पोसावं, सरकारनं लोकांना पोसू नये, असा त्याचा दंडक. दुष्काळी भागात वाढलेल्या माणसाला हे वाचवत नाही. बफेलोत जो नकार चोरांच्या विरुद्ध होता, तोच इथं बियाणं मागणाऱ्याच्या विरुद्ध गेला. खिशांमधली शिवण तीच, पण उपाशी माणसासमोर ती दाखवत बसणं मला जमलं नसतं.

मी परत परत वाचते ते मात्र त्याचं एक खाजगी पत्र. १८८२च्याच जुलैत, रस्त्यांच्या ठरावानंतर तीन-साडेतीन आठवड्यांनी, त्याची आई गेली. गव्हर्नरपदाचं मतदान होतं ७ नोव्हेंबरला. त्या दिवशी मत देऊन तो महापौराच्या कचेरीत येऊन बसला आणि थोरल्या भावाला, त्या अंधशाळेतल्या विल्यमला, पत्र लिहायला घेतलं. मी आत्ताच मत देऊन आलो, इथं एकटाच आहे, फक्त फ्रँक लेस्लीच्या साप्ताहिकाचा एक चित्रकार कचेरीचं चित्र काढतो आहे, असं तो लिहितो. आई असती तर मी हे तिला लिहिलं असतं. मी जे लिहीन त्यावर विश्वास ठेवील अशा कुणाला तरी लिहायची वेळ आली आहे, असं वाटतं. निवडून येणार याची त्याला खात्री होती. काळजी वेगळीच होती. माझी इच्छा प्रामाणिक आहे हे मला माहीत आहे, पण ती पुरी करण्याइतकं मला कळतं का, हा प्रश्न आहे. आई असती तर मला जास्त सुरक्षित वाटलं असतं, तिच्या प्रार्थनेचा माझ्या यशात मोठा वाटा आहे असं मला कायम वाटत आलंय.

निघायच्या आदल्या दिवशी लेकीला म्हटलं, पुन्हा एकदा त्या फ्रँकलिन स्ट्रीटवर ने. बर्फ भुरभुरत होतं. मनोऱ्यावरच्या घड्याळाखाली आम्ही थोडा वेळ उभ्या राहिलो. त्या नोव्हेंबरातल्या मंगळवारी कुठल्या खिडकीआड तो बसला होता, ते बाहेरून ओळखायला मार्ग नाही. एक माणूस टेबल, खुर्ची, कपाट असं चित्र काढतोय, आणि दुसरा मान खाली घालून भावाला लिहितोय.